तर्री, पाव आणि पहिला खून: रहस्यकथा वाचताना घास का अडत नाही?

नाशिकच्या गंगापूर रोडवर रविवारी सकाळी मिसळीसाठी नंबर लावून बसलेल्यांत एखादा तरी वाचणारा असतोच. कुणी मोबाइलवर, कुणी पिशवीतून काढलेल्या पुस्तकात डोकं घातलेलं. ताट आलं तरी वाचन सुरूच. पानावर बंगल्याचा मालक मरून पडलाय, मानेवर वळ आहेत, दाराला आतून कडी आहे. वाचणारा पाव मोडतो, रश्श्यात बुडवतो, पान उलटतो आणि रस्सा पुन्हा मागवतो. त्याच माणसाला कुणी येऊन सांगितलं, की पलीकडच्या कॉलनीत काल रात्री खून झाला, तर हातातला घास हातातच राहील.

खून दोन्हीकडे आहे. मग एका खुनाने भूक मरते आणि दुसऱ्याने का मरत नाही? कथा वाचणारा निगरगट्ट झालाय, असं म्हणून लोक मोकळे होतात. ते खरं नाही. खरा धोका आणि खोटा धोका यांत फरक करण्याची आपल्या शरीराची एक रीत आहे, आणि ती समजून घ्यायला मिसळीसारखं उत्तम साधन नाही. वाचता वाचता आपण भुकेपेक्षा जास्त का खातो, तेही ओघाने येईलच.

जिभेवरची खोटी आग

मिरचीचा तिखटपणा ही चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू ओळखण्यासाठी जिभेवर रुचिकलिका आहेत. तिखटाची जाणीव त्यांच्यामार्फत होत नाही. मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं. ते थेट वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंकडे जातं. या तंतूंच्या टोकाशी एक सूक्ष्म दार असतं. एरवी ते सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर काही लागलं की उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन हेच दार काहीही भाजत नसताना उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे दार शोधलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

तर्रीचा भुरका मारल्यावर नाक वाहतं, कपाळाला घाम फुटतो, डोळ्यांत पाणी येतं, ती सगळी आगीशी लढायची तयारी. आग मात्र कुठेच नसते. लहान मूल पहिल्यांदा तिखट खाऊन रडतं, कारण त्याला ती आग खरी वाटते. मोठ्या माणसाला आपण सुरक्षित आहोत हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तीच जळजळ त्याला हवीशी वाटते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मिरची, रडवणारे सिनेमे आणि जत्रेतले उंच पाळणे एकाच गटात घातले आहेत. शरीर घाबरलेलं असतं, मनाला कळत असतं की भ्यायचं कारण नाही, आणि शरीर फसलं पण आपण फसलो नाही याचंच सुख वाटतं.

खुनाची गोष्ट याच गटातली. बंद खोलीत प्रेत सापडतं तेव्हा वाचणाऱ्याची छाती जरा जोरात धडधडते, पण हे छापलेलं पान आहे हे त्याला एक क्षणही विसरायला होत नाही. तर्री आणि खून एका टेबलावर इतके छान जमतात त्याचं कारण हे आहे: दोन्हींत धोक्याची घंटा वाजते आणि दोन्हींत ती खोटी असते.

ही खात्री सुटली, की मजाही संपते. रस्सा सोसवेनासा तिखट झाला की माणूस ताट बाजूला सारतो. कथेतला प्रसंग आपल्या घरात घडलेल्या एखाद्या गोष्टीसारखा निघाला, तर पुस्तक मिटतो.

खऱ्या भीतीपुढे पोट बंद पडतं

खरी भीती पोटाचं काय करते, हे सव्वाशे वर्षांपूर्वी दिसलं. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन हे वैद्यकाचे विद्यार्थी असताना मांजरांना क्ष-किरणांत दिसेल असं द्रव्य मिसळलेलं अन्न खाऊ घालत आणि जठराची हालचाल पडद्यावर बघत. मांजर शांत असलं की जठराच्या भिंतींवरून लाटा सरकत राहायच्या. मांजर भ्यालं किंवा चिडलं की त्या लाटा थांबायच्या, शांत झालं की पुन्हा सुरू. पुढे १९१५ मध्ये कॅनन यांनी याची मांडणी केली: संकट आलं की शरीर ‘लढा किंवा पळा’ या तयारीला लागतं. अ‍ॅड्रिनलिन सुटतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, लाळ आटते. पळून जीव वाचवायचा असताना जेवण पचवत बसण्यात शहाणपण नाही.

लाळ आटते ही गोष्ट आपल्याकडे फार आधीपासून माहीत होती, आणि तिचा वापर थेट गुन्ह्याच्या तपासात होत असे. धर्मशास्त्रांत ‘दिव्यं’, म्हणजे दोषी कोण ते ठरवण्याच्या कसोट्या, सांगितल्या आहेत. त्यांपैकी ‘तंदुल दिव्य’ हे चोरीच्या संशयितासाठी होतं. त्याला तांदूळ चघळायला द्यायचे आणि थुंकायला सांगायचं. ज्याचं तोंड कोरडं पडलं, अंग कापू लागलं, तो संशयात पक्का. यातलं शरीराचं निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र धोकादायक. तोंड भीतीने कोरडं पडतं, गुन्ह्याने नाही. दरबारात उभा केलेला निरपराध गरीब माणूस सराईत चोरापेक्षा जास्त भीत असणार, आणि तांदूळ त्याच्याच तोंडातून कोरडे पडणार.

आता रहस्यकथा वाचणाऱ्याकडे बघा. मिसळ समोर आहे आणि तोंडाला पाणी सुटलंय. त्याची भीती तेवढी खोल गेलेलीच नाही.

कथेतला खून पोटापर्यंत का पोहोचत नाही

कागदावर आहे म्हणून, हे उत्तर अर्धंच झालं. कागदावरच्या गोष्टीही माणसाला ढसाढसा रडवतात. रहस्यकथेची बांधणीच अशी असते, की मेलेला माणूस वाचणाऱ्याच्या फार जवळ येत नाही. तो बहुधा पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच जातो. तो कसा हसायचा, त्याच्या मुलीला तो काय म्हणून हाक मारायचा, हे लेखक सहसा सांगत नाही. त्याच्या जागी एक प्रश्न उभा राहतो: कोणी मारलं? दार आतून बंद होतं तर मारणारा गेला कुठे? पाचापैकी खोटं कोण बोलतंय? वाचणारा शोक करण्याऐवजी विचार करू लागतो. शिवाय या जातीच्या कथेत एक न लिहिलेला करार असतो, की शेवटच्या पानापर्यंत उत्तर मिळेल. वर्तमानपत्रातल्या खुनाला तशी हमी नसते. तिथे आरोपी वर्षानुवर्षं सापडत नाही, सापडला तरी सुटतो. त्या बातमीने घास अडतो तो यामुळेही.

भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात रसांचं विवेचन आहे, आणि रस म्हणजे काय हे तिथे जेवणाच्याच दाखल्याने समजावलंय: नाना मसाले आणि व्यंजनं एकत्र आली की खाणाऱ्याला जशी गोडी कळते, तसा नाट्यातल्या भावांमधून प्रेक्षकाला रस कळतो. त्याच यादीत भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगवेगळे धरले आहेत. भयानकाच्या मुळाशी भय आणि बीभत्साच्या मुळाशी जुगुप्सा, म्हणजे किळस. जेवणाच्या टेबलावर पुस्तक निवडताना हा भेद फार कामाचा आहे.

किळस आली की घास फिरतो

भीती आपल्याला बाहेरच्या धोक्यापासून वाचवते, किळस तोंडातून आत जाणाऱ्या धोक्यापासून. सडकं, नासकं, घाण पोटात जाऊ नये हे किळसेचं मूळ काम. म्हणून किळस आल्यावर चेहरा होतो तो कडू औषध प्यायल्यासारखा: नाक आक्रसतं, वरचा ओठ उचलला जातो, जीभ बाहेर ढकलायला बघते. मेंदूत चवीची नोंद घेणारा आणि किळसेच्या वेळी जागा होणारा भाग बऱ्याच अंशी एकच आहे. त्याला इन्सुला म्हणतात. भीतीचं पान आणि घास यांची भेट लांबून होते. किळसेचं पान आणि घास एकाच दारातून आत येतात.

म्हणून जेवताना कुठली पानं चालतात याचा अंदाज आधीच करता येतो. संशयितांची चौकशी, खोट्या सह्या, रेल्वेच्या वेळापत्रकातली चूक, मृत्युपत्राचा घोळ, यांनी घास अडत नाही. चार दिवस जुनं प्रेत सापडतं ते प्रकरण, शवागारातला प्रसंग, माश्या, दुर्गंधी, यांनी अडतो. अलीकडच्या कितीतरी गुन्हेकथा याच वर्णनांवर उभ्या असतात. त्या वाईट असतात असं नाही, पण मिसळीशेजारी त्यांची जागा नाही.

विषप्रयोगाची कथा मधल्या जागेवर बसते. चहात काहीतरी कालवलंय हे वाचताना हात आपोआप कपाकडे जातो आणि क्षणभर थबकतो. जुन्या कथांत सोमल, म्हणजे आर्सेनिक, इतकं दिसतं त्याला कारण आहे. त्याला जाणवेल अशी चव किंवा वास नाही आणि उलट्या-जुलाबाची लक्षणं पटकीसारखी दिसतात, त्यामुळे मृत्यू रोगाचा समजला जाई. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाने शरीरातलं अत्यल्प सोमलही दाखवणारी चाचणी काढली आणि हा आडोसा गेला. प्रयोगशाळेने एक वाट बंद केल्यावर लेखकांना दुर्मीळ विषं, उशिरा कळणारी लक्षणं अशा दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या.

शेवटचं जेवण: कथेत घड्याळ, प्रत्यक्षात अंदाज

(ताट समोर असेल तर हा भाग नंतर वाचा.)

रहस्यकथेतला डॉक्टर सांगतो, “मृत्यू जेवणानंतर बरोबर दोन तासांनी, म्हणजे साडेदहा ते अकराच्या दरम्यान.” आणि त्या अर्ध्या तासावर सगळ्यांचे पुरावे तपासले जातात. जठरातल्या अन्नावरून वेळ काढण्याची ही युक्ती कथेत छान चालते. प्रत्यक्षात ती फार डळमळीत आहे.

जठर रिकामं व्हायला किती वेळ लागेल हे ठरवणाऱ्या गोष्टी अनेक. पातळ पदार्थ लवकर पुढे सरकतात, घट्ट उशिरा. भात-पोळीसारखं पिष्टमय अन्न लवकर, डाळी-मांस त्यानंतर आणि तेल-तूप सर्वांत उशिरा. हलकं खाणं एक-दोन तासांत जठरातून निघून जातं, जड जेवणाला पाच-सहा तासही लागतात. तर्री ओतून खाल्लेली मिसळ आणि वाटीभर मऊ भात यांचं वेळापत्रक एक नसतंच. त्यात वर आलेलं कॅनन यांचं मांजर आठवा: माणूस मरण्याआधी दोन तास भीतीत असेल, तर जठर थांबलेलं असणार आणि अन्न दहा मिनिटांपूर्वी खाल्ल्यासारखं दिसणार. म्हणजे ज्या प्रकरणात ही युक्ती सगळ्यात जास्त हवी, त्याच प्रकरणात ती सगळ्यात जास्त फसवते.

हा नुसता पुस्तकी आक्षेप नाही. कॅनडात १९५९ मध्ये स्टीव्हन ट्रस्कॉट या १४ वर्षांच्या मुलाला एका मुलीच्या खुनासाठी फाशीची शिक्षा झाली. जठरातल्या अन्नावरून मृत्यूची वेळ पाऊण तासाच्या पट्ट्यात बसवण्यात आली होती, आणि तेवढ्याच वेळात तो मुलगा तिच्यासोबत होता. फाशीची पुढे जन्मठेप झाली. २००७ मध्ये ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. तोवर ४८ वर्षं गेली होती. कथेतल्या डॉक्टरचं ‘बरोबर दोन तास’ वाचताना हे प्रकरण लक्षात असावं.

आपल्या वर्तमानपत्रांत वरचेवर येणारं एक वाक्य याच विषयातलं आहे: ‘मृत्यूचं नेमकं कारण समजू शकलं नाही, व्हिसेरा राखून ठेवला आहे.’ व्हिसेरा म्हणजे विषतपासणीसाठी काढून ठेवलेले आतले अवयव: मुख्यतः जठर व त्यातलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृत आणि मूत्रपिंडाचा भाग. ते स्वच्छ बरण्यांत, बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. संपृक्त म्हणजे आणखी मीठ विरघळणारच नाही इतकं खारं पाणी. फॉर्मॅलिन वापरत नाहीत, कारण त्यात अवयव कडक होतात आणि विष वेगळं काढणं अवघड होतं. बरण्यांना मोहोर लावून त्या प्रयोगशाळेकडे जातात. नाशिकमध्ये दिंडोरी रोडला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. ‘राखून ठेवला’ म्हणजे विष सापडलं असा अर्थ नाही आणि संशय पक्का झाला असाही नाही. कारण अजून ठरलेलं नाही, एवढाच. कितीतरी घरांवर या एका वाक्याच्या चुकीच्या वाचनाने बालंट आलंय.

वाचणाऱ्याला पोट भरल्याचं कळत नाही

भूक मरत नाही हे झालं. पुढचा प्रश्न उलटा आहे: भूक भागल्याचं तरी कळतं का?

जेवताना जठर ताणलं जातं तसा मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप जातो. अन्न आतड्यात उतरलं की तिथून संप्रेरकं सुटतात, तीही ‘आता पुरे’ सांगतात. या सगळ्याला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. दोन पाव आणि मिसळ दहा मिनिटांत संपवणाऱ्याला हा निरोप ताट रिकामं झाल्यावर पोहोचतो. आणि वाचणाऱ्याच्या बाबतीत निरोप आला तरी त्याकडे लक्ष कुणाचं?

२०११ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी काही लोकांना नऊ पदार्थांचं जेवण दिलं. निम्म्यांनी जेवता जेवता संगणकावर पत्त्यांचा खेळ खेळायचा होता, बाकीच्यांनी नुसतं जेवायचं होतं. ताटं सारखीच होती. खेळणाऱ्यांना जेवणानंतर पोट कमी भरल्यासारखं वाटलं, अर्ध्या तासाने पुढे ठेवलेली बिस्किटं त्यांनी जास्त खाल्ली आणि कोणता पदार्थ कशानंतर खाल्ला हेही त्यांना नीट आठवेना. २०१३ मध्ये अशा २४ प्रयोगांचा एकत्र आढावा आला. लक्ष दुसरीकडे असलं की त्या जेवणात थोडं जास्त खाल्लं जातं आणि नंतरच्या खाण्यात त्याहून जास्त, असं त्यात दिसलं.

यातलं ‘नंतरच्या’ हे महत्त्वाचं. आपल्याला वाटतं भूक पोट ठरवतं. प्रत्यक्षात दुपारी किती खाल्लं याची आठवणही संध्याकाळची भूक ठरवते. सकाळची मिसळ तपासाच्या नादात खाल्ली, तर मेंदूच्या वहीत ती पुसट नोंदली जाते, आणि चार वाजता चिवड्याच्या डब्याकडे हात जातो.

फास्ट फूडने यात भर पडते. ते मऊ असतं, हातात धरून खाता येतं, फार चावावं लागत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत २० माणसांना चार आठवडे संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खायला दिलं. पहिल्या प्रकारावर असताना ती माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. मटकी, कांदा, लिंबू असलेली मिसळ त्या गटात सरळ बसत नाही. बर्गर आणि पाकिटातले चिप्स बसतात. पण पाव आणि रस्सा झरझर गिळता येतो, हे मिसळीलाही लागू आहे.

‘एवढं प्रकरण संपवतो’

रहस्यकथेचं प्रकरण संपतं ते नेमकं दारावर टकटक झाली असताना. अर्धवट राहिलेलं काम पुन्हा हाती घ्यायची ओढ माणसाला असते, हे मारिया ओव्हस्यांकिना यांनी १९२८ मध्ये दाखवलं होतं: कुणी सांगितलं नाही, बक्षीस नाही, तरी मधेच तोडलेल्या कामाकडे लोक आपण होऊन वळत. लेखक याच ओढीवर प्रकरणं तोडतो. टेबलावर बसलेला वाचक उठत नाही, आणि बसायचं म्हणजे काहीतरी मागवायला हवं. ‘रस्सा अजून देऊ का?’ या प्रश्नाला तो मान न उचलता ‘हो’ म्हणतो. दुसरी पावजोडी अशी येते, भुकेने नाही.

मग जेवताना वाचूच नये का?

असं अजिबात म्हणायचं नाही. एकट्याने बाहेर जेवणाऱ्या माणसाला पुस्तकासारखी सोबत नाही, आणि ते सुख घालवण्यात काही पुरुषार्थ नाही. एवढंच करायचं, की किती खायचं हा निर्णय पुस्तक उघडण्याआधी घ्यायचा. मिसळ एक, पाव दोन, रस्सा एकदा. हवं ते सुरुवातीलाच सांगून टाका. पहिले चार-पाच घास पुस्तक मिटून खा. मिसळीची खरी चव त्याच घासांत असते: शेव कुरकुरीत असते, कांद्याला पाणी सुटलेलं नसतं, रस्सा कढत असतो. पाच मिनिटं वाचत बसलात तर शेवेचा लगदा होतो आणि वर लालभडक तेलाची साय तेवढी राहते. मिसळ ही थांबून खायची वस्तू नाही.

वाचत खायला साधा वडापाव जास्त सोयीचा. वडा तेलकट असला तरी बाहेरचा पाव कोरडा असतो, बोटं त्यामानाने स्वच्छ राहतात, एक हात मोकळा राहतो. नाशिकचा उलटा वडापाव मात्र या कामाला नाही. त्यात भाजी पावाच्या आत भरून अख्खा पावच बेसनात बुडवून तळतात, म्हणजे तेल थेट बोटांना. पावभाजीला दोन्ही हात लागतात. साबुदाणा वडा चमच्याने मोडून खाल्ला तर चालतो, दही तेवढं पुस्तकापासून दूर ठेवा.

पुस्तक कोणतं, याचं साधं उत्तर: आधी एकदा वाचलेलं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात शेवट आधीच सांगितलेल्या कथा वाचकांना किंचित जास्तच आवडल्या होत्या, रहस्यकथाही. नंतरच्या काही प्रयोगांत उलट निघालं, त्यामुळे कुणाला शेवट फोडून सांगायचा परवाना यातून मिळत नाही. पण दुसऱ्या वाचनात ‘पुढे काय’ची ओढ कमी होते आणि लेखकाने पुरावा कुठे लपवला होता ते बघण्याचा आनंद येतो. त्या वाचनात मधेच थांबता येतं. नवीनच हवं असेल तर कादंबरीपेक्षा कथा घ्या. कथा संपते आणि टेबलही सुटतं.

मुलांना ताटासमोर पुस्तक द्यावं का?

मोठ्या माणसाने आधी ठरवून घेतलं तर चालतं, लहान मूल असं ठरवून खात नाही. पोट भरलं म्हणजे कसं वाटतं हे ओळखायला ते अजून शिकत असतं, आणि ते शिकण्याची जागा ताटच आहे. गोष्ट जेवणानंतर द्या. ‘पुस्तक दिलं की भरभर खातो’ हा घराघरात ऐकू येणारा फायदा फसवा आहे. मूल खातंय हे त्याला स्वतःलाच कळत नसतं.

मोबाइलवर वाचलं तर?

तेलाच्या डागांपुरता मोबाइल बरा, पुसता येतो. लक्षापुरता तो वाईट, कारण कथेच्या मधेच निरोप येतात आणि एका कामाची तीन कामं होतात. त्यातून गुन्ह्याच्या कथेखाली खऱ्या गुन्ह्याची बातमी सरकत येते, आणि सुरक्षित भीतीतून माणूस न कळत असुरक्षित भीतीत जातो. वाचायचंच तर आवाज आणि इंटरनेट बंद करून, आधी उतरवून घेतलेलं पुस्तक वाचा.

तेलाचा डाग, हळदीचा डाग

पातळ बांधणीचं पुस्तक टेबलावर उघडं राहत नाही आणि माणूस ते खरकट्या हाताने दाबून धरतो. बहुतेक डाग इथेच पडतात. डाव्या पानावर एक आणि उजव्यावर एक असे कपड्यांचे दोन चिमटे लावले तर हात लावावा लागत नाही. पुस्तक ताटाच्या डावीकडे ठेवा, रश्श्याची वाटी उजवीकडे, मधे पाण्याचा पेला नको. पान उलटायला फक्त डावा हात. उजव्या हाताच्या बोटांवर तेलाबरोबर कॅप्सेसिनही असतं आणि ते नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लागतो. तसल्या बोटाने उलटलेलं पान पुढच्या वाचकाच्या बोटाला लागतं आणि ते बोट त्याच्या डोळ्याला.

तेलाने कागद पारदर्शक का होतो? कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. तेल त्या पोकळ्या भरून टाकतं, प्रकाश आरपार जातो. तर्रीचा लाल रंग मिरचीचा, आणि तो तेलातच विरघळतो, म्हणून तेल निघालं तर रंगही बराचसा निघतो. डाग पडल्याबरोबर चोळू नका, चोळल्याने तेल आणखी पसरतं. पानाच्या वर आणि खाली टिपकागद ठेवून दाबा. मग डागावर कॉर्नफ्लोअरचा किंवा टाल्कम पावडरचा थर द्या, वर कोरा कागद, त्यावर जड पुस्तक, आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी मऊ ब्रशने झटका. तेल दिसत असेल तर नवी पावडर घालून पुन्हा. पाणी लावायचं नाही. तेल निघत नाही आणि कागद मात्र सुरकुततो.

हळदीचा डाग वेगळा. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारखं अल्कधर्मी काही लागलं की लाल होतं, म्हणून साबणाच्या फडक्याने पुसू गेलात तर पिवळ्या डागाचा लाल डाग होतो. हळद उन्हात फिकी पडते. तेल काढून झाल्यावर तेवढं पान कोवळ्या उन्हात थोडा वेळ उघडं ठेवा. जास्त ठेवलंत तर कागदच पिवळा पडेल.

हे सारं स्वतःच्या पुस्तकासाठी. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे; तिथल्या किंवा कोणत्याही वाचनालयाच्या पुस्तकावर घरचे प्रयोग करू नयेत. डाग पडला तर टिपकागदाने दाबून तेल टिपा, पान कोरडं ठेवा आणि परत करताना काउंटरवर पान क्रमांकासह सांगा.